मुक्कामी शववाहिका

"ओ शववाहिकावाले! आत काय शिजतंय?"

काचेवर बोटाच्या पेरानं टकटक झाली आणि माझ्या हातातला झारा तसाच राहिला. कढईत कांदा नुकता तांबूस होत आला होता. मी स्टोव्ह विझवला. श्वास विझवायची सोय असती तर तोही विझवला असता.

"कांदाच हाय न्हवं? का आतलं मढं भूक लागली म्हणून उठून बसलंय?"

पडद्याच्या फटीतून बघितलं. बाहेर एक म्हातारा उभा होता. कानाला मफलर, अंगात विरलेला खाकी स्वेटर, हात मागं बांधलेले. रेशनच्या दुकानासमोर उभा राहावा तसा निवांत.

"मी कुणाला सांगत न्हाई बघ. फक्त त्यात जरा लसूण ठेचून घाल. नुसत्या कांद्यानं तोंडाला चव येत न्हाई."

मी दरवाजा वीतभर सरकवला. "गाडी बंद आहे," म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"ते दिसतंयच की. दिवाळीपासनं चाक हललं न्हाई. गावात मानसं मरायची थांबली, का तुझ्या गाडीतनं जायला नको म्हनत्यात?"

अशी माझी आणि धोंडीराम आप्पा साळोख्यांची ओळख झाली. कांद्याच्या वासानं. लोकांच्या ओळखी देवळात होतात, लग्नात होतात. माझी अब्रू कढईतून गेली.

ती कशी गेली हे कळायला ती मुळात कुठं लपवली होती ते सांगायला पाहिजे.

मी रंगराव लोहार. धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं आणि पोपट, भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं सगळं वाचन शिडीवर उभं राहून, ब्रश तोंडात धरून झालं. सांगलीतल्या निम्म्या बाजारपेठेची नावं माझ्या हातची होती, याचा मला काय माज होता! मग फ्लेक्स आलं. ज्याला ब्रश कुठल्या टोकाला धरायचा ते ठाऊक नाही, तो पोरगा सकाळी सांगितलेलं नेत्याचं थोबाड संध्याकाळी वीस फुटी करून टांगायला लागला. मी म्हणालो, ही थेरं दोन वर्षांची. दोन वर्षांत मीच थेर झालो. बायको इंदू आजारी पडली. आधी खोली गेली, मग इंदू गेली. राहिली ती पाट्या वाहायला घेतलेली जुनी मॅटाडोर. एकुलती लेक इचलकरंजीला दिलेली. तिला सांगितलं, मित्राच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर राहतो. तिच्या सासूनं लगेच "एकदा बंगला बघायला येतो" म्हटलं. तेव्हापासून त्या मित्राच्या घरात सारखं कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असायचं. कांजण्यासुद्धा झाल्या एकदा.

पिकल्या केसांचा माणूस गाडीत राहतोय म्हटलं की लोकांना पटापट शब्द सुचतात. चोर. दारुडा. पोरं पळवणारा. वेडा. 'गरीब' हा एवढा सोपा शब्द, पण तो काही कुणाच्या जिभेवर येत नाही.

मिरज रस्त्यापासून आत स्नेहवर्धिनी नावाची सोसायटी आहे. तिच्या कुंपणाबाहेर शिरीषाचं मोठं झाड, जवळ पालिकेचा नळ, बाजाराच्या कोपऱ्यावर संडास. माझ्यासारख्याला याच्याहून मोठा बंगला नको होता. पण तिथं पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी चार माणसं घेऊन आला. नाव उत्तम साळोखे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"हितं काय धर्मशाळा काढलीय का? घरंदाज लोक राहतात. काढा गाडी."

काढली. पेंटर माणूस चिडला की काय करणार? रंगवणार. दुसऱ्या कॉलनीत जाऊन गाडीच्या अंगावर झोकात लिहिलं, 'पाणीपुरवठा देखभाल'. म्हटलं, सरकारी दिसेल, कुणी हटकणार नाही. दुसऱ्याच सकाळी बायकांनी घेरलं. "आमच्या नळाला थेंब न्हाई आणि तू हितं तंगड्या पसरून झोपतोस?" एकीनं तर कळशी माझ्या टपावर आदळली. ते पुसून 'वीज तक्रार' लिहिलं. त्या वेळी थोडक्यात वाचलो, नाहीतर खांबाला टांगला असता मला.

मग डोक्यात उजेड पडला. लोक ज्याच्याकडं तक्रार घेऊन येत नाहीत, भाव विचारत नाहीत, शेजारी उभंसुद्धा राहत नाहीत, अशी गाडी कुठली? सगळी मॅटाडोर पांढरी काढली आणि दोन्ही बाजूंना काळ्या अक्षरांत, सावली देऊन, हाताला असेल नसेल ती कला ओतून लिहिलं: शववाहिका. टोपी घातली, दाढी वाढवली आणि पुन्हा त्याच शिरीषाखाली येऊन उभा राहिलो.

कुणी ब्र काढला नाही. पोरांनी क्रिकेटची जागा बदलली. काठी आपटत फिरणारा हवालदार वळसा घालून जायला लागला. आणि सकाळी ऑफिसला जाणारी घरंदाज माणसं चक्क हात जोडायला लागली! मी आत मशेरी लावत बसलेला आणि बाहेरून उत्तम साळोखे खाली मान घालून मला नमस्कार करतोय. जिवंत रंगरावला ज्यांनी हाकललं, तेच मेलेल्या रंगरावच्या पाया पडत होते. मला इतकं हसू यायचं की तोंडातली मशेरी पडद्यावर उडायची.

आप्पा मात्र फसला नाही.

त्याची गाडी माझ्या समोरच, कुंपणाच्या आत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मळक्या दुधी रंगाची मारुती आठशे. मधे फक्त लोखंडी जाळी. आप्पा पुढची सीट मागं पाडून तिच्यात बसलेला असायचा. पायांवर घोंगडी, डॅशबोर्डवर चष्म्याचं घर आणि तंबाखूची चंची. आधी मला वाटलं, सोसायटीनं माझ्यावर पाळत ठेवायला बसवलाय. मग कळलं, हा सेक्रेटरीचाच बाप. मग तर घामच फुटला.

"पोराला सांगितलं न्हाई ना आप्पा?" कांद्याच्या दुसऱ्या दिवशी मी जाळीतून विचारलं.

"त्याला कशाला सांगू? त्याला पेपरातबी वाचायला आवडत न्हाई, कुठं काय चाललंय ते." आप्पानं तंबाखू मळली. "पण पेंटर, तुझं काम कच्चं हाय."

"अक्षरात काय खोट आहे?"

"अक्षर झ्याक हाय. फोन नंबर कुठाय? नंबर नसलेली शववाहिका बघितलीस कधी? मानूस मेला तर लोकांनी तुला कावळ्याबरोबर निरोप धाडायचा का?"

मी म्हणालो, "मला कुणी बोलवायला नकोच आहे. नंबर टाकला आणि खरंच कुणी बोलवलं तर?"

"मग जायाचं की."

"यात माझं बिऱ्हाड आहे आप्पा. मेलेला कुठं ठेवू? स्टोव्हवर?"

तो इतका हसला की खोकला लागला. तो खोकला खराब होता. तासभर थांबायचा नाही. चौथ्या मजल्यावरची एक खिडकी बंद झालेली ऐकू यायची.

आप्पा यष्टीचा ड्रायव्हर. सगळी नोकरी मुक्कामाच्या गाडीवर काढलेली. संध्याकाळी गाडी आडरानातल्या गावाला न्यायची, रात्री तिच्यातच बाकड्यावर आडवं व्हायचं, पहाटे माणसं भरून परत आणायची. "मला घरात झोप येत न्हाई," तो सांगायचा. "गाडीतच डोळा लागतो. ही माझी मुक्कामाची गाडी." सोसायटीत सगळ्यांना हेच सांगितलेलं. गुडघे गेलेत, लिफ्ट नाही, चार मजले चढवत नाही, आप्पांना खालीच मोकळं वाटतं. आणि मीही येडा, ते खरं धरून बसलो. उलट मला त्याचा राग यायचा.

"वर तीन खोल्यांचा फ्लॅट असताना गाडीत झोपायचं म्हणजे चरबी आहे," मी एकदा तोंडावर म्हणालो. "आमच्यासारख्याच्या नशिबी आलंय ते तुम्ही हौसेनं करताय."

"व्हय की. हौसेला मोल न्हाई," म्हणाला आणि काच वर केली.

त्याचा थाट मात्र बघण्यासारखा. सकाळी एकदाच हॉर्न वाजवायचा. पीप. लगेच चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली यायची. भाजीवाल्याकडून भाजी घ्यायला बायका सोडतात, तसली. तिच्यात थर्मास. दुपारी पीप, डबा. रात्री पीप, डबा. मला म्हणायचा, "हाटेलात तरी वेटर उशीर करतो. सुवर्णा न्हाई करत." सुवर्णा म्हणजे सून. तिचा कधीतरी फक्त हात दिसायचा, बांगड्यांचा, दोरी सोडताना. टोपली वर गेली की आप्पा त्या हाताकडं बघत राहायचा. माझ्यासाठी अर्धी चपाती जाळीतून यायची. मी लसूण घातलेला कांदा तिकडं पाठवायचो.

एक गोष्ट मी बघत होतो आणि तरी बघत नव्हतो. उत्तम रोज सकाळी माझ्या गाडीला हात जोडायचा. पण बापाच्या गाडीवरून जाताना त्याचं डोकं मोबाइलात असायचं.

एकदा आप्पा म्हणाला, "पेंटर, माझं बुकिंग घे. मी तुझ्याच गाडीतनं जाणार."

"तुम्ही माझ्या आधी जात नाही. आणि माझी बॅटरी कधीच बसलीय."

"तू नुसतं नाव लिहून ठेव," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

त्यानंतरच्या एका सकाळी हॉर्न वाजला नाही.

उजाडत होतं. मी पडदा बाजूला करून मशेरी लावत होतो. हॉर्न नाही, तरी टोपली खाली आली. रोजची वेळ झाली म्हणून सोडली असेल. आठशेच्या टपापर्यंत आली आणि लोंबकळत राहिली. दोरी हलली. पुन्हा हलली. थर्मास टोपलीत खडखडला. कुणी घेतला नाही.

वरचा हात आत गेला. थोड्या वेळानं उत्तम खाली आला, बनियनवर, अनवाणी. त्यानं गाडीचं दार उघडलं, आत वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग इकडंतिकडं बघितलं. पार्किंग मोकळं होतं. माझ्या गाडीकडंही बघितलं, पण शववाहिकेत कुणी जागं असेल हे कुणाला सुचणार? त्यानं आप्पाला दोन्ही हातांनी ओढून पाठीवर घेतलं. लहान पोराला पाठकुळी घेतात तसं. आप्पाचे हात त्याच्या छातीवरून लोंबत होते, एका पायातला मोजा निघाला होता. तसाच तो जिन्यात शिरला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला ताप आलाय. बरं झालं, एकदाचा वर नेला. उठून मदतीला जावं असं वाटलं, नाही असं नाही. पण जाणार कसा? शववाहिकेतून मशेरीच्या तोंडानं, लुंगीवर बाहेर पडलो असतो तर माझं बिंग फुटलं असतं. माझ्या अब्रूपायी मी तिथंच बसून राहिलो. ती काय अब्रू होती, ते पुढं दिसेलच.

मग वरून रडण्याचा आवाज आला. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, गेले. बायका जमल्या. कुणीतरी जिन्यातून विचारत खाली आलं, "कुठं गेले हो?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "आतल्या खोलीत. पलंगावर. झोपेतच."

पलंगावर! मी खाली वाकलो आणि डोकं धरून बसलो. पाठकुळी का नेलं ते तेव्हा कळलं. साळोख्यांच्या घरातला माणूस साळोख्यांच्या घरातून जायला पाहिजे होता. त्यासाठी आधी त्याला घरात न्यायला लागलं.

ऊन चढल्यावर माझ्या काचेवर टकटक झाली. उत्तम. डोळे सुजलेले.

"गाडी पाहिजे."

"बंद आहे," मी आतूनच म्हणालो. आयुष्यातलं तेवढं एकच खरं वाक्य, तेही खोटं वाटावं असं.

"आप्पांनी सांगून ठेवलंय. ह्याच गाडीतनं. उघडा."

त्याच्या मागं सगळी सोसायटी पांढऱ्या कपड्यांत गोळा झालेली. मी दरवाजा सरकवला.

आता त्यांना जे दिसलं ते सांगतो. दोरीवर वाळत घातलेली माझी बनियन. स्टोव्ह, कढई, हळदी-मिठाचे डबे. इंदूचा फोटो, त्याला शिळा हार. उशी. तेलकट कॅलेंडर. बादली. तिरडी ठेवायला जागा करायची तर हे सगळं बाहेर काढायलाच पाहिजे होतं. मी एकेक वस्तू फुटपाथवर मांडायला लागलो. भरल्या बाजारात धोतर सुटावं तशी गत. शेवटी झोपायची फळी काढली. ती माझ्याच हातची जुनी पाटी होती, बरी रुंद म्हणून ठेवलेली. उलटी झाली तशी सगळ्यांसमोर अक्षरं आली: 'नवदुर्गा रसवंती गृह. बसण्याची उत्तम सोय.'

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

पाटणकर सर म्हणून सोसायटीतले एक रिटायर्ड गृहस्थ होते. त्यांनी कढईत काठी घालून बघितली. "अहो, हे बिऱ्हाड आहे! हा माणूस इथं राहतोय. शववाहिका कसली? महिनोन्महिने आपण याला नमस्कार करतोय!"

"पोलिसांना फोन लावा," मागून कुणी म्हणालं. "हा तोच. मागं हाकलला होता तो."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. जाळीपलीकडं आठशे उभी होती. पाडलेली सीट, घोंगडी, चंची. टपावर टोपली तशीच लोंबत होती, थर्माससकट. मी उत्तमकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं की मी पहाटे बघितलंय. त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी एकटाच गाडीत राहत नाही, तुमच्या सेक्रेटरीचा बाप कुठं मेला ते विचारा. एवढं बोललो असतो तर त्याची अब्रू माझ्या कढईशेजारी फुटपाथवर आली असती. पण बोललो असतो तर माझी झाडाखालची जागाही गेली असती, आणि दुसरी जागा माझ्याकडं नव्हती.

"मी सांगू का," मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिरडी खाली आली. आप्पाचं डोकं मफलरशिवाय पहिल्यांदाच बघितलं. चार जणांनी उचलून आत ठेवला, माझी उशी असायची तिथं. मी तोंड मिटलं. फार थोर मन वगैरे काही नाही. त्याच्यासमोर त्याच्या पोराला नागडं करायचं धाडस झालं नाही, इतकंच.

उत्तम विस्तवाचं मडकं धरून माझ्या शेजारी बसला. मी चावी फिरवली.

टिक्.

पुन्हा फिरवली. टिक्. बायकांचं रडणं थांबलं. सगळी सोसायटी श्वास रोखून माझ्या चावीकडं बघत होती. टिक्.

"धक्का मारायला लागंल," मी म्हणालो.

उत्तमनं काचेतून मान बाहेर काढली आणि सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाला, "ढकला."

आणि ढकलली. चपला घसरल्या, पायजमे फाटायची वेळ आली, पण मला हाकलायला जमलेल्या त्याच माणसांनी माझ्या घराच्या पाठीला खांदा लावला. पाटणकर सर काठी काखेत मारून ढकलत होते. जोर यायला कुणीतरी सवयीनं "गणपती बाप्पा" म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचा शब्द गिळला. कोपऱ्यावर उतार लागला, मी दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि धुराचा असा लोट मागं सोडला की आरशात घरंदाज लोक दिसेनासे झाले.

गाडी मिरज रस्त्याला लागली. मागं आप्पा, खड्ड्यागणिक हलत होता.

"तुम्ही बघितलं," उत्तम शेवटी म्हणाला.

"बघितलं."

"लोकांना सांगणार?"

मला राग आला होता तो गेला नव्हता. "जित्या माणसाला वर न्यायला लिफ्ट नव्हती," मी म्हणालो. "मेल्यावर बरं लिफ्टवाचून भागलं."

मडक्यातला धूर त्याच्या डोळ्यांत जात होता. त्यानं तोंड फिरवलं नाही.

"पोरीची बारावी होती," तो म्हणाला. "रात्रभर ह्यांचा खोकला. मीच म्हणालो, आप्पा, परीक्षेपुरतं खाली झोपा. सुवर्णाला विचारलंसुद्धा नाही. ते म्हणाले, मला काय, मुक्कामाची सवय हाय. परीक्षा झाली. पोरगी पुण्याला गेली. तिची खोली मोकळी झाली. मी 'आता वर या' म्हणालोच नाही. रोज वाटायचं, उद्या म्हणू. मग लाज वाटायला लागली, की इतके दिवस म्हणालो नाही. मग तर तिकडं बघवायचंच नाही."

मला चांगलं खरमरीत काहीतरी बोलायचं होतं. पण मला माझी लेक आठवली आणि तो कांजण्या झालेला मित्र. मी गियर बदलला.

"माझी गाडी खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं," मी म्हणालो. "तरी तुम्हाला ह्याच गाडीतनं न्या म्हणाले?"

"मागच्या आठवड्यात काच खाली करून हाक मारली मला. म्हणाले, माझा शेजारी हाय, त्याच्याच गाडीतनं न्यायचं. मी म्हणालो, काहीतरी अभद्र बोलू नका. तर म्हणाले, ऐकून घे. गाडी बोगस हाय, बॅटरी बसलेली हाय. धक्का मारायला चार माणसं जास्तीची बोलव. सोसायटीतली सगळीच बोलव."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं मात्र नाही. बंद केलं असतं तर पुन्हा कोण ढकलणार होतं? स्टिअरिंगवर डोकं टेकून मी हसत होतो की काय करत होतो, मलाही सांगता येणार नाही. शेजारी उत्तमचंही तेच चाललेलं. मागून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ड्रायव्हर आणि पोरगा दोघंही प्यालेत. म्हाताऱ्यानं सगळ्या सोसायटीला माझ्या घराला हात लावायला लावला होता. ज्या गाडीला आपण स्वतः ढकललं, तिला बोगस कोण म्हणणार?

घाटावरचं आटोपून परत आलो तर फुटपाथ मोकळा. स्टोव्ह नाही, फोटो नाही, काही नाही. पाटणकर सर कुंपणाशी उभे.

"गाडी इथं लावता येणार नाही," ते म्हणाले. "नियमात बसत नाही."

"शववाहिका आहे," उत्तम म्हणाला. त्याच्या अंगावर ओलं उपरणं होतं. "सकाळी तुम्हीच ढकललीत, सर."

सरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि आत गेले.

माझं सामान सापडलं. आप्पाच्या आठशेत होतं. कुत्री तोंड घालत होती म्हणून सुवर्णावहिनींनी स्वतः खाली येऊन ठेवलेलं. कढई घासून पालथी घातलेली, इंदूचा फोटो पुसून चष्म्याच्या घराशेजारी उभा केलेला.

मी सामान हलवलं. दिवेलागण झाली. वर, आतल्या खोलीत, पिठावर दिवा लावला असणार. प्राण गेला त्या जागी लावतात तो. लोक येऊन त्याला नमस्कार करत होते, खिडकीतून सावल्या दिसत होत्या. मी शिरीषाखाली बसून रिकाम्या आठशेकडं बघत होतो. हॉर्न वाजायची वेळ झाली होती.

वर बांगड्यांचा हात दिसला. टोपली खाली यायला लागली. आज फार हळू. जिन्याच्या दारात उत्तम उभा होता, आणि तो पुढं होईपर्यंत टोपली टपाला टेकली होती. आत ताटलीत गव्हाचं पीठ, त्यावर पणती, तेलाची वाटी, काड्यापेटी.

"डॅशबोर्डवर ठेवू?" त्यानं जाळीतून विचारलं. "पेट नाही ना घेणार?"

"मी बघतो," मी म्हणालो. "मी इथंच असतो."

त्यानं पणती लावली. मग दार ओढून घेतलं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, पाडलेली पाठ सरळ केली नाही, आणि बराच वेळ तसाच पडून राहिला.

मी माझा काळ्या रंगाचा डबा काढला. वाळून साय आली होती, ती बाजूला केली. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पुरेसा नव्हता, आकडे एका ओळीत आले नाहीत. आयुष्यातलं सगळ्यात भिकार काम. पण लिहिला. शववाहिका, आणि खाली माझा मोबाइल नंबर.

पुढच्या आठवड्यात पहिला फोन आला. कुणीतरी बाई, आवाज बसलेला. पत्ता सांगितला आणि विचारलं, "गाडी चालू हाय ना हो?"

"चालू आहे," मी म्हणालो. "पण चार माणसं जास्तीची बोलवून ठेवा."